श्रीमंताघरचा भिक्षेकरी : असिसीचे संत फ्रान्सिस

दत्तजयंतीच्या या अंकाच्या वाचकांना माधुकरी, झोळी, अपरिग्रह हे शब्द समजावून सांगायला नकोत. म्हणूनच यंदा संपादक मंडळींनी एखादं संतचरित्र लिहून द्या म्हटलं, तेव्हा मी एका परक्या देशातल्या आणि परक्या धर्मातल्या साधूचं नाव पुढे केलं. इटली देशातल्या असिसी गावचे संत फ्रान्सिस. ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक पंथाचे. त्यांना देह ठेवून आठशे वर्षं होत आली, पण त्यांच्या नावाने दीक्षा घेणारे साधू आणि साध्वी आजही जगभर आहेत.

मी उभा जन्म हिशेबनिसाची नोकरी केली. रोज संध्याकाळी रोकड जुळली की मगच घरी जायचं. अशा माणसाला, पैशाला मुळी हातच न लावणाऱ्या माणसाचं कुतूहल वाटणारच. त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यांच्या नावावर चमत्कार पुष्कळ आहेत, पण मी इथे ते सांगत बसणार नाही. हा माणूस देवावर भार टाकून जगायचं म्हणाला आणि खरोखर तसा जगला. ते कसं, आणि त्याची किंमत कोणी कोणी मोजली, एवढंच सांगतो.

घर आणि पेढी

फ्रान्सिसचा जन्म ११८१ किंवा ११८२ सालचा. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. आईचं नाव पिका. बाप्तिस्म्यात मुलाचं नाव जोव्हान्नी ठेवलं होतं, पण व्यापारासाठी फ्रान्सला गेलेले वडील परतले आणि त्यांनी त्याला फ्रान्सेस्को म्हणायला सुरुवात केली. फ्रान्सच्या कापडावर घर चालत होतं, तेच नाव पोराला चिकटलं.

तो काळ मोठा बदलाचा. जमीनदारांच्या आणि सरदारांच्या जोडीला व्यापारी वर्ग वर येत होता. नाणं खुळखुळायला लागलं होतं. पिएत्रोंसारखी माणसं कष्टाने वर आलेली, आणि मुलगा आपल्याहून वर जावा ही त्यांची इच्छा. पोरगा हुशार, दुकानात गोड बोलणारा, पण हात सैल. मित्रांच्या मेजवान्या, गाणी, भारी कपडे यात पैसा उडवायचा. बापाला ते खुपत नव्हतं. सरदारांच्या मुलांत आपला मुलगा उठून दिसतो याचं बरंच वाटत असावं.

१२०२ साली असिसी आणि शेजारचं पेरुजा या दोन गावांत लढाई झाली. फ्रान्सिस त्यात पकडला गेला आणि साधारण वर्षभर कैदेत राहिला. सुटून आला तो आजार घेऊनच. बरा झाल्यावर पुन्हा लढाईवर निघाला, चांगलं शस्त्र, चांगला घोडा घेऊन. पण स्पोलेतो गावापर्यंत जाऊन परत फिरला. तिथे रात्री त्याला आतून प्रश्न पडला की चाकरी करायची ती धन्याची करावी की धन्याच्या नोकराची. त्यानंतर त्याचं मन दुकानातही लागेना आणि मित्रांतही लागेना.

याच सुमारास तो घोड्यावरून जात असताना वाटेत एक महारोगी दिसला. फ्रान्सिसला महारोग्यांची विलक्षण किळस होती. तरीही तो खाली उतरला, त्याच्या हातावर नाणं ठेवलं आणि त्या हाताचं चुंबन घेतलं. पुढे मरणापूर्वी मागे वळून पाहताना त्यांनी आपल्या आयुष्याला इथूनच वळण लागलं असं लिहून ठेवलं. आधी जे कडू वाटत होतं ते गोड झालं, असा त्याचा आशय.

बिशपांपुढचा दावा

असिसीच्या वेशीबाहेर सान दामियानो नावाचं एक पडकं देऊळ होतं. तिथल्या क्रुसावरच्या येशूच्या चित्रापुढे प्रार्थना करताना फ्रान्सिसला, माझं मोडकळीला आलेलं घर नीट कर, अशी आज्ञा झाल्याचा अनुभव आला. त्याने ती आज्ञा अक्षरशः घेतली. बापाच्या दुकानातली कापडाची गाठोडी घोड्यावर लादली, फोलिन्योच्या बाजारात जाऊन कापड विकलं, घोडाही विकला आणि पायी चालत परत येऊन सगळे पैसे देवळाच्या पुजाऱ्यापुढे ठेवले. पुजारी शहाणा. पिएत्रोंच्या भीतीने त्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हा फ्रान्सिसने ती थैली खिडकीत भिरकावून दिली.

आता खरं सांगतो, हा भाग वाचताना माझं मन बापाच्या बाजूने उभं राहिलं. तीन मुलांची शिक्षणं केलेला कोणताही गृहस्थ राहील. माल बापाचा, घोडा बापाचा, आणि पुण्य मुलाचं, हा कुठला न्याय? पिएत्रोंनी मुलाला धरून आणलं, मारलं, घरात कोंडलं. ते परगावी गेल्यावर आईने त्याला सोडवलं. अशी आई कुठल्याही देशात सापडते. शेवटी वडिलांनी दावा मांडला आणि १२०६ साली तो असिसीचे बिशप, म्हणजे तिथले मुख्य धर्माधिकारी, ग्विदो यांच्यापुढे उभा राहिला.

बिशपांनी निवाडा बापाच्या बाजूने दिला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. देवाच्या कामालासुद्धा दुसऱ्याचा पैसा चालत नाही, तो परत कर, असं त्यांनी फ्रान्सिसला सांगितलं. फ्रान्सिसने पैसे परत केले. आणि तिथेच, चारचौघांत, अंगावरचे सगळे कपडे उतरवून तेही पैशांवर ठेवले, कारण तेही बापाच्याच पैशाचे होते. आजवर मी पिएत्रोंना बाप म्हणत होतो, यापुढे स्वर्गातल्या पित्यालाच बाप म्हणेन, अशा अर्थाचं तो बोलला. बिशपांनी आपला झगा पुढे करून त्याला झाकलं. पिएत्रो पैसे आणि कपडे उचलून घरी गेले. लोकांना त्यांचा रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

इथून पुढे मी फ्रान्सिसना अहोजाहो करणार आहे. पण पिएत्रोंना विसरणार नाही. नंतरही गावात मुलगा भिक्षा मागताना दिसला की ते शिव्याशाप देत. फ्रान्सिसनी त्यावर एक उपाय काढला. एका गरीब म्हाताऱ्याला बाप मानलं आणि त्याला सांगितलं, त्यांनी शाप दिला की तू माझ्यावर क्रुसाची खूण करून आशीर्वाद दे. ही गोष्ट जुन्या चरित्रांत आहे. बापलेकाचं मनोमीलन झाल्याची मात्र एकही गोष्ट त्यांत नाही. वैराग्याचा हिशेब लिहायचा तर ही बाजूही लिहायला हवी.

उद्याची चिंता

पुढची दोन वर्षं फ्रान्सिस हातात थापी घेऊन पडकी देवळं दुरुस्त करत होते. दगड मागून आणायचे, भिंती रचायच्या, पोटाला दारोदार मागायचं. भिक्षेच्या भांड्यात सगळ्या घरांचं उरलंसुरलं एकत्र कालवलेलं पाहून पहिल्या दिवशी त्यांना ओकारी आली. मग त्यांनी ते खाल्लं.

१२०८ साली पोर्सियुंकुला नावाच्या छोट्या देवळात त्यांनी शुभवर्तमानातला एक भाग ऐकला. येशूने शिष्यांना पाठवताना सोनंनाणं, झोळी, दुसरा अंगरखा, जोडे, काठी यांतलं काहीही बरोबर घेऊ नका असं सांगितलं, तो तो भाग. फ्रान्सिसनी तिथल्या तिथे जोडे काढले, काठी टाकली, कातडी पट्टा सोडून कमरेला दोरी बांधली. बघा, आपल्याकडच्या बैराग्याजवळ झोळी तरी असते. यांनी तीही ठेवली नाही.

मग माणसं येऊ लागली. बर्नार्द नावाचा श्रीमंत गृहस्थ आला आणि त्याने आपली सगळी मालमत्ता चौकात उभं राहून वाटून टाकली. पिएत्रो कातानी नावाचे कायद्याचे जाणकार आले. १२०९ साली बारा जण होऊन ते रोमला पोप तिसरे इनोसंट यांच्यापुढे गेले. कार्डिनलांना हा नियम माणसाला पेलणारा नाही असं वाटलं. त्यावर त्यांच्यातल्याच एकाने विचारलं की ही माणसं शुभवर्तमानाप्रमाणे जगू म्हणताहेत, ते अशक्य आहे असं म्हटलं तर आपण शुभवर्तमानालाच खोटं पाडत नाही का? पोपनी तोंडी मान्यता दिली.

यात नवं काय होतं ते सांगतो. कॅथलिक साधू तीन व्रतं घेतात. ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि दारिद्र्य. पण तोवर दारिद्र्य असायचं ते एकट्या साधूचं. त्याचं स्वतःचं काही नसे, मठाच्या मात्र जमिनी, कुळं, कोठारं असत. फ्रान्सिस म्हणाले की संघाचंही काही नको. पोर्सियुंकुलाचं ते छोटं देऊळ बेनेडिक्टाइन साधूंनी त्यांना वापरायला दिलं, तर त्याची मालकी आपल्याकडे येऊ नये म्हणून ते दरवर्षी एक टोपली मासे भाडं म्हणून पाठवत. त्याआधी ते रिव्होतोर्तोला एका झोपडीत राहत होते. जागा इतकी कमी की प्रत्येकाची बसायची जागा खडूने लिहून ठेवलेली. एक दिवस एक शेतकरी आपलं गाढव घेऊन सरळ आत घुसला. सगळे साधू उठले आणि झोपडी गाढवाला सोडून चालू लागले.

ते नुसते मागून खाणारे नव्हते, हेही सांगायला हवं. आधी काम. शेतात, महारोग्यांच्या वस्तीत, लोकांच्या घरी. मोबदला म्हणून अन्न घ्यायचं, नाणं नाही. काम करूनही काही मिळालं नाही तर भिक्षा मागायची, आणि तिची लाज धरायची नाही. पैसा रस्त्यावर पडलेला दिसला तरी त्याला धुळीइतकीच किंमत द्यायची. आजारी भावाच्या गरजेपुरती मात्र १२२१ च्या नियमात सूट होती.

माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. फ्रान्सिसनी आचारी साधूला सांगून ठेवलं होतं की उद्याची कडधान्यं आज रात्री भिजत घालायची नाहीत. उद्याची चिंता करू नका ही आज्ञा ते इथपर्यंत पाळत. आपल्या घरात रात्री मटकी भिजत घातल्याशिवाय झाकपाक होत नाही. म्हणून ही गोष्ट वाचल्यावर मी हसलो, आणि मग गप्प झालो. देवावर भरवसा आहे असं आपण म्हणतो खरं, पण तो कुठवर आहे याचं माप या भांड्यात निघतं.

पण हा माणूस कोरडा नव्हता. एकदा मध्यरात्री एक साधू भुकेने मरतो म्हणून ओरडला. उपास त्याला झेपला नव्हता. फ्रान्सिसनी त्याला उपदेश केला नाही. पान मांडायला लावलं आणि त्याला एकट्याने खायची लाज वाटू नये म्हणून सगळ्यांना उठवून त्याच्याबरोबर जेवायला बसवलं.

आणखी एक प्रसंग. दोन साधूंची म्हातारी आई मदत मागायला आली. झोपडीत द्यायला काही नव्हतं. पाठासाठी एकच नव्या कराराची पोथी होती, आणि त्या काळी हाताने लिहिलेली पोथी म्हणजे मोठी किंमत. फ्रान्सिसनी ती म्हातारीला देऊन टाकायला सांगितलं, तिला विकता येईल म्हणून. पोथी वाचण्यापेक्षा पोथीत लिहिलंय तसं केलेलं देवाला जास्त आवडेल, असं त्यांचं म्हणणं.

स्त्रियांनाही हीच वाट हवी होती. १२१२ साली, झावळ्यांच्या रविवारच्या रात्री क्लारा नावाची खानदानी घरातली तरुणी घर सोडून आली. फ्रान्सिसनी स्वतः तिचे केस कापले. सान दामियानोला तिने साध्वींसोबत चाळीस वर्षं काढली. पुढे पोप नववे ग्रेगरी यांनी मठासाठी मिळकत देऊ केली आणि हवं तर व्रतातून मोकळं करतो असंही सांगितलं. तिने नम्रपणे उत्तर दिलं की पापांतून मोकळं करा, या व्रतातून नको. आपल्या साध्वींनी कधीही मिळकत ठेवू नये हा नियम तिने पोपकडून मंजूर करून घेतला तो १२५३ च्या ऑगस्टमध्ये, मरणाच्या दोन दिवस आधी.

संघ वाढला

बारा जणांना झोपडी सोडता येते. हजारोंचं काय? १२२१ च्या मेळाव्याला सुमारे ३००० साधू जमले होते, असं तिथे हजर असलेल्या जॉर्डन नावाच्या साधूने लिहून ठेवलं आहे. जेवणाची तजवीज काही नाही. पण आसपासच्या लोकांनी इतकं अन्न आणलं की शेवटी नको म्हणावं लागलं आणि उरलेलं संपवायला साधूंना दोन दिवस जास्त राहावं लागलं.

भिक्षा पुरत होती, अडचण वेगळीच होती. विद्वान साधूंना ग्रंथ हवे होते, आजाऱ्यांना छप्पर हवं होतं, वरिष्ठांना व्यवस्था हवी होती. यातलं काहीही वाईट नाही. फ्रान्सिसना मात्र यातून मालकी शिरताना दिसत होती. बोलोन्याला साधूंचं घर असं नाव पडलेली एक इमारत होती. ते कळताच त्यांनी आजाऱ्यांसकट सगळ्यांना बाहेर पडायला लावलं. कार्डिनल उगोलिनोंनी ती इमारत आपली आहे असं जाहीर केलं तेव्हाच ते परत आत गेले. एका नवशिक्या साधूने स्तोत्रांची पोथी जवळ ठेवू का म्हणून विचारलं. त्याला त्यांनी बजावलं की पोथी आली की मग मोठा ग्रंथ हवासा वाटेल, आणि मग आसनावर बसून तू दुसऱ्या भावाला तो ग्रंथ आणायला फर्मावशील.

मला यात नोकरीतली किती तरी वर्षं दिसतात. खुर्ची, टेबल, मग शिपाई. असो.

१२२० साली फ्रान्सिसनी संघाचं प्रमुखपद सोडलं आणि दुसऱ्याच्या आज्ञेत राहू लागले. १२२३ च्या नोव्हेंबरात पोप तिसरे होनोरियस यांनी संघाचा पक्का नियम मंजूर केला. तो पहिल्यापेक्षा आटोपशीर होता, तरी साधूंनी घर, जागा, कोणतीही वस्तू आपली करू नये हे कलम त्यात राहिलं. मनासारखं सगळं झालं नाही, पण ते भांडले नाहीत आणि वेगळी चूलही मांडली नाही. स्वतःचं मत हेसुद्धा एक धन असतं. ते सोडणं त्यांना अंगावरचे कपडे सोडण्याहून जड गेलं असावं असं मला वाटतं.

शेवट

शेवटची वर्षं फार हालात गेली. १२२४ च्या सप्टेंबरात ला वेर्ना डोंगरावर तप करताना त्यांच्या हातापायांवर आणि कुशीवर येशूच्या जखमांसारख्या खुणा उमटल्या असं चरित्रकार लिहितात. डोळे जवळजवळ गेले. उपचार म्हणून वैद्याने तापल्या लोखंडाने डाग दिले, तेव्हा त्यांनी अग्नीला भाऊ म्हणून हाक मारून सौम्य हो अशी विनवणी केली. अशा अवस्थेत त्यांनी सूर्य, चंद्र, वारा, पाणी, पृथ्वी यांना भाऊबहीण म्हणणारं स्तोत्र रचलं, लोकांच्या बोलीत. आपल्या शरीराला ते गाढवभाऊ म्हणत. या गाढवभावाला आपण फार छळलं, असं म्हणून अखेरीस त्यांनी त्याची क्षमा मागितली.

मरण जवळ आल्यावर रोमच्या जाकोपा नावाच्या विधवा बाईंनी पूर्वी करून घातलेली बदामाची गोड वडी त्यांना आठवली. सगळं सोडलेल्या साधूला शेवटी एक गोड घास आठवावा, हे मला फार जवळचं वाटतं. बाई निरोप पोचायच्या आधीच ती सामग्री घेऊन दारात हजर झाल्या. वडी त्यांना फारशी खाववली नाही.

मग त्यांनी आपल्याला जमिनीवर उघडं ठेवायला सांगितलं. वरिष्ठ साधूने एक अंगरखा आणला आणि सांगितलं की हा तुम्हाला उसना देतो आहे, दुसऱ्याला द्यायचा हक्क तुम्हाला नाही. हे ऐकून ते आनंदले. मरतानाही अंगावरचं वस्त्र आपलं नव्हतं. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी पोर्सियुंकुलाला त्यांनी देह ठेवला. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. ४ ऑक्टोबर हा त्यांचा सण.

दोन वर्षांत, १२२८ च्या जुलैमध्ये त्यांना संतपद दिलं गेलं आणि लगेच असिसीत त्यांच्या नावाने भव्य मंदिराचा पाया घातला गेला. भक्तांचं प्रेम असं असतं, ज्याने घर नाकारलं त्याला महाल बांधतं. दारिद्र्य किती कडक पाळायचं यावर त्यांच्या संघात पुढे शतकानुशतकं वाद चालले, फुटी पडल्या. मूळ वाटेवर परत जाऊ म्हणणारा कॅपुचिन संघ १५२८ साली त्यातूनच निघाला. त्यांचे साधू आपल्याकडेही आले. ठाण्याला १३२१ साली या संघाचे चार जण मारले गेले आणि ओडोरिक नावाच्या त्यांच्याच साधूने त्यांच्या अस्थी पुढे चीनपर्यंत नेल्या. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिसांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे.

गृहस्थांसाठी

आता कुणी म्हणेल, हे सगळं साधूंचं झालं, आपण काय करायचं? हा प्रश्न त्या काळच्या संसारी माणसांनीही विचारला होता. बायकामुलं सोडून येऊ का, म्हणून लोक विचारत. त्यांच्यासाठी घरात राहून पाळायची वेगळी दीक्षा निघाली आणि १२२१ च्या सुमारास तिचे नियम ठरले. भिक्षा मागा असं त्यांत नाही. स्वस्त, बिनरंगाचं कापड वापरा. दुसऱ्याचं काही अन्यायाने घेतलं असेल ते परत करा. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर असेल तर मिटवा. शस्त्र बाळगू नका. आजारी सोबत्याला भेटायला जा. आणि दीक्षा घेतल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपलं मृत्युपत्र करून ठेवा.

हे शेवटचं कलम वाचून मला हिशेबनीस म्हणून फार बरं वाटलं. वैराग्य म्हणजे हिशेब न ठेवणं नव्हे. काय आपलं, काय दुसऱ्याचं आणि काय नुसतं वापरायला मिळालेलं, हे वेळेवर नीट लिहून ठेवणं हेही त्यात येतं. आपल्यापैकी ज्यांची कागदपत्रं अजून अर्धवट असतील आणि ज्यांचा भावाशी अबोला असेल, त्यांनी या दत्तजयंतीला पारायणाच्या जोडीने तेवढी दोन कामं उरकून टाकावीत. मीही उरकणार आहे.

श्री गुरुदेव दत्त.